‘रिझर्व्हेशन’चे चार अर्थ : इंग्रजी नामे कशी शिकावीत?

दोन वर्षांपूर्वी आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गातली एक मुलगी नोकरीच्या मुलाखतीला गेली. समाजकार्याची पदवी, चांगले गुण, वस्तीत कामाचा अनुभव. जागा ग्रामीण प्रकल्पातली होती. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकाने विचारले, “डू यू हॅव एनी रिझर्व्हेशन्स अबाउट वर्किंग इन अ रिमोट व्हिलेज?” तिने क्षणभर विचार केला आणि सांगितले, “येस सर, एससी.”

समोरचे तिघे एकमेकांकडे पाहून हसले. दूरच्या खेड्यात काम करण्याबद्दल तुमच्या मनात काही शंका, काही आढेवेढे आहेत का, एवढाच तो प्रश्न होता. तिचे खरे उत्तर ‘नाही’ हे होते. बारावीपर्यंत रोज चार किलोमीटर चालत शाळेत गेलेल्या मुलीला खेड्याचे कसले आढेवेढे! ती जागा तिला मिळाली नाही. त्या एका उत्तरामुळेच मिळाली नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण ते हसणे तिला आपल्या आरक्षणाला हसल्यासारखे वाटले, आणि पुढचे सहा महिने ती कुठल्याच मुलाखतीला गेली नाही.

या प्रसंगाचा आम्ही वर्गात खूप विचार केला. ‘रिझर्व्हेशन’ हा शब्द तिला येत नव्हता का? उलट, तो तिला लहानपणापासून येत होता. पण एकाच अर्थाने. इंग्रजीत या शब्दाचे निदान चार अर्थ आहेत. पहिला, गाडीत किंवा हॉटेलात आधी राखून ठेवलेली जागा. दुसरा, आपल्याला माहीत असलेले आरक्षण. तिसरा, एखाद्या गोष्टीबद्दल मनात असलेली शंका. या अर्थाने तो बहुधा अनेकवचनात येतो आणि त्याच्यामागे ‘अबाउट’ येते. चौथा अर्थ अमेरिकेतला : तिथल्या मूळनिवासी जमातींसाठी राखून ठेवलेला भूभाग. प्रश्नातले ‘रिझर्व्हेशन्स’ हे अनेकवचन आणि पुढचे ‘अबाउट’, या दोन खुणा तिला ओळखता आल्या असत्या, तर अर्थ सापडला असता. त्या खुणा कशा ओळखायच्या, हे तिला कुणी शिकवलेच नव्हते. आम्हीही नाही.

म्हणून हा लेख. इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा तर सुरुवात नामांपासून करावी आणि प्रत्येक नाम व्याख्या व उदाहरणवाक्य या दोन पायांवर उभे करावे, असा आमचा अनुभव आहे. लेखातली इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत, म्हणजे उच्चारही कळेल. आपल्या वहीत मात्र ती रोमन लिपीत, शब्दकोशात स्पेलिंग तपासूनच लिहावीत.

पाठांतराची वही कुठे कमी पडते?

आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत शब्दांची वही केली आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे मराठी अर्थ. ‘जस्टिस म्हणजे न्याय’, ‘लिबर्टी म्हणजे स्वातंत्र्य’, ‘फ्रीडम म्हणजे स्वातंत्र्य’, ‘इंडिपेन्डन्स म्हणजे स्वातंत्र्य’. तिन्ही शब्दांपुढे एकच अर्थ! मग १५ ऑगस्टच्या दिवसाला ‘लिबर्टी डे’ का म्हणत नाहीत, हे त्या वहीतून कळत नाही. ‘इंडिपेन्डन्स’ म्हणजे दुसऱ्याच्या सत्तेखाली नसण्याची स्थिती. ‘लिबर्टी’ म्हणजे राज्यसत्तेने किंवा समाजाने अडवू नये अशी माणसाची मोकळीक. संविधानाच्या उद्देशिकेत विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा आणि उपासना यांच्या संदर्भात हाच शब्द आला आहे. ‘फ्रीडम’ या सगळ्यांत व्यापक आणि रोजच्या बोलण्यातला.

बरोबरचे चिन्ह आपल्याला असे शिकवते की प्रत्येक इंग्रजी शब्दाचा एक मराठी जुळा भाऊ असतो. तसे नसते. व्याख्या शब्दाच्या कुंपणाच्या खुणा दाखवते : तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. उदाहरणवाक्य त्याचे सोबती दाखवते.

आपल्या बोलण्यातले इंग्रजी शब्द

दुसरी अडचण याहून अवघड आहे. अनेक इंग्रजी नामे आपण रोज मराठीत वापरतो, म्हणून ती आपल्याला येतात असे वाटते. कॉलेजच्या खिडकीवर आपण म्हणतो, “बोनाफाईड काढायचा आहे.” इंग्रजीत ‘बोना फाइड’ हे विशेषण आहे, त्याचा अर्थ ‘खरा, अस्सल’. कागदाचे नाव ‘बोना फाइड सर्टिफिकेट’. ‘आय हॅव माय बोनाफाईड’ असे बाहेरच्या माणसाला म्हटले, तर तो पुढच्या शब्दाची वाट पाहील. ‘डोमिसाईल’ म्हणजे कायद्याच्या दृष्टीने माणसाचे कायमचे वास्तव्य असलेले ठिकाण. आपण ते त्या दाखल्याचेच नाव करून टाकले. ‘व्हॅलिडिटी’ म्हणजे वैधता. मोबाईलच्या रिचार्जलाही असते आणि जातीच्या दाखल्यालाही. ‘झेरॉक्स’ हे एका कंपनीचे नाव. इंग्रजीत अर्ज करताना ‘फोटोकॉपी’ म्हणावे. मराठीत हे शब्द असे वापरण्यात काही चूक नाही. भाषा उसना शब्द घेते तेव्हा त्याला आपल्या घरचे वळण लावतेच. इंग्रजीत बोलताना मात्र तो शब्द पुन्हा त्याच्या घरी नेऊन पाहावा लागतो.

यातला सर्वांत गंभीर शब्द ‘ॲट्रॉसिटी’. आपल्याकडे त्याचा अर्थ १९८९ च्या अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा असा झाला आहे. “त्याच्यावर ॲट्रॉसिटी केली,” “ॲट्रॉसिटी टाकली,” असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत ‘ॲट्रॉसिटी’ म्हणजे अतिशय क्रूर कृत्य. आता हेच वाक्य शब्दशः इंग्रजीत नेऊन पाहा : ‘वुई कमिटेड ॲन ॲट्रॉसिटी.’ याचा अर्थ होतो, आम्ही अत्याचार केला! फिर्यादीचा एका वाक्यात आरोपी झाला. दिल्लीच्या पत्रकाराशी बोलताना, आयोगाला निवेदन लिहिताना, परदेशातल्या संस्थेला अहवाल पाठवताना ही चूक किती महाग पडेल, याचा विचार करा. योग्य वाक्य असे : ‘अ केस वॉज रजिस्टर्ड अंडर द प्रिव्हेन्शन ऑफ ॲट्रॉसिटीज ॲक्ट.’ अत्याचार दुसऱ्याने केला. आपण गुन्हा नोंदवला. कार्यकर्त्याच्या तोंडी हा फरक पक्का बसलेला असावा.

व्याख्या कशी करायची?

व्याख्येचे तीन भाग असतात. पहिला, ज्याची व्याख्या करायची तो शब्द. दुसरा, तो शब्द ज्या मोठ्या गटात मोडतो त्या गटाचे नाव. आमच्या वर्गात आम्ही त्याला ‘कूळ’ म्हणतो. तिसरा, त्या कुळातल्या इतरांपासून त्याला वेगळे करणारी खूण.

‘ॲन ॲफिडेव्हिट इज अ रिटन स्टेटमेंट दॅट अ पर्सन मेक्स ऑन ओथ.’ शब्द : ॲफिडेव्हिट. कूळ : लेखी निवेदन. वेगळेपण : शपथेवर केलेले. लेखी निवेदने पुष्कळ असतात, पण शपथेवर केलेले ते प्रतिज्ञापत्र.

कुळासाठी फार शब्द लागत नाहीत. पर्सन, ग्रुप, प्लेस, डॉक्युमेंट, अमाउंट, ॲक्ट, प्रोसेस, स्टेट, क्वालिटी, राइट, रूल, सिस्टीम, हे बारा शब्द नीट आले की बहुतेक नामांची सुरुवात करता येते. ‘ट्रायब्युनल’ कोणत्या कुळातला? ‘ग्रुप’, कारण तो वाद ऐकून निर्णय देणाऱ्यांचा गट. ‘पॉव्हर्टी’? ‘स्टेट’, म्हणजे स्थिती. ‘मायग्रेशन’? ‘प्रोसेस’. कूळ ठरवताच शब्द अर्धा कळलेला असतो.

वेगळेपणाची सवय लागायला एकाच कुळातली भावंडे शेजारी ठेवावीत. पैशाचे कूळ घ्या. ‘वेज’ म्हणजे मजुरी, दिवसाच्या, तासाच्या किंवा कामाच्या हिशेबाने मिळणारी. ‘सॅलरी’ म्हणजे ठरावीक पगार, बहुधा महिन्याचा. ‘स्टायपेंड’ म्हणजे शिकताना किंवा प्रशिक्षण घेताना खर्चासाठी मिळणारी ठरावीक रक्कम. ‘अलाउन्स’ म्हणजे विशिष्ट खर्चासाठीचा भत्ता. ‘ऑनरेरियम’ म्हणजे मानधन. यातला सुरुवातीचा ‘ह’ उच्चारत नाहीत. ‘कॉम्पेन्सेशन’ म्हणजे झालेल्या हानीबद्दलची भरपाई. ‘अरिअर्स’ म्हणजे थकबाकी, आणि हा शब्द नेहमी अनेकवचनातच येतो. नोकरीच्या जाहिरातीत पगाराऐवजी ‘स्टायपेंड’ असे लिहिलेले दिसले, तर ती नोकरी आहे की प्रशिक्षण, हे आधी विचारून घ्यावे.

व्याख्या करताना तीन चुका हमखास होतात. एक, फिरून तिथेच येणे : ‘इक्वॅलिटी म्हणजे इक्वल असणे.’ दोन, कुंपण फार मोठे घालणे : ‘स्टायपेंड इज मनी.’ मग लाच आणि हुंडाही त्यात बसेल. तीन, कुंपण फार लहान घालणे : ‘स्कॉलरशिप म्हणजे सरकार एससी विद्यार्थ्यांना देते ती रक्कम.’ मग खासगी ट्रस्टची शिष्यवृत्ती बाहेर राहते. व्याख्या लिहून झाली की स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. यात नको ते काही शिरले का? हवे ते काही बाहेर राहिले का?

व्याख्येवर काय काय अवलंबून असते

हे शब्दांचे खेळ वाटतील. तसे नाही. कोणताही कायदा उघडा; सुरुवातीच्या कलमांतच व्याख्या दिलेल्या असतात. कायदा कुणाला लागू होणार, हे तिथेच ठरते.

एक उदाहरण अलीकडचे आहे. अंगणवाडी सेविकांना आणि मदतनिसांना जे मिळते त्याला ‘ऑनरेरियम’ म्हणतात. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा ‘वेजेस’च्या भाषेत बोलत होता. मानधन हे वेतन नाही, म्हणून ग्रॅच्युइटी नाही, असा युक्तिवाद त्यांच्याविरुद्ध होत होता. गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की कायद्यातली ‘वेजेस’ची व्याख्या व्यापक आहे, मानधन तिच्यात बसते, आणि या स्त्रिया ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. आयुष्यभर गावातली मुले सांभाळलेल्या बायांच्या म्हातारपणीच्या पैशाचा प्रश्न दोन नामांच्या व्याख्येत अडकला होता, आणि तिथेच तो सुटला.

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या घरात आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. समाजशास्त्र शिकताना आम्ही तो पहिल्यांदा लक्षपूर्वक वाचला तेव्हा एक गोष्ट जाणवली. त्याच्या सुरुवातीच्या भागात ते एका नामाची व्याख्या शोधत आहेत. ते नाम म्हणजे ‘कास्ट’. सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि पुढे ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्ध झालेले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर, या चौघांच्या व्याख्या ते एकेक करून तपासतात. केतकरांची व्याख्या त्यांना त्यातल्या त्यात जवळची वाटते, पण तिच्यात सांगितलेली दोन लक्षणे, म्हणजे जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्माने मिळणारे सदस्यत्व, ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे ते दाखवून देतात. मग जातीचे खरे वेगळेपण म्हणून ‘एन्डॉगॅमी’, म्हणजे गटातल्या गटातच लग्न करण्याची प्रथा, हे एकच लक्षण ते हातात घेतात. जात हा एक वर्गच आहे, पण दारे बंद करून घेतलेला वर्ग, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पाहा, कूळ : वर्ग. वेगळेपण : बंद दारे. एवढ्या नेमक्या व्याख्येतून पुढचे सगळे विवेचन उभे राहते.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणातही ते ‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे काय, असा प्रश्न विचारतात आणि उत्तर देतात. सर्व भारतीयांमधली समान बंधुत्वाची जाणीव, असा त्या उत्तराचा आशय आहे. इथे कूळ काय आहे? ‘सेन्स’, म्हणजे जाणीव. तो नियम नाही, हक्क नाही, नातेही नाही. म्हणूनच केवळ कायदा करून बंधुता निर्माण होत नाही, हे त्या एका कुळशब्दातून कळते. याच शब्दाला इंग्रजीत इतर अर्थही आहेत : ‘द लीगल फ्रॅटर्निटी’ म्हणजे वकील-न्यायाधीशांचा व्यावसायिक समुदाय, आणि अमेरिकेत ‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे कॉलेजातल्या मुलांचे मंडळ. कुठला अर्थ घ्यायचा, ते वाक्य सांगते.

शब्दांशी हे नाते बाबासाहेबांनी शेवटपर्यंत ठेवले. त्यांनी तयार केलेले पाली व्याकरण आणि पाली शब्दकोश महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात आहेत. एवढ्या कामांत माणूस शब्द आणि त्यांचे अर्थ लिहीत बसतो, तेव्हा त्यातून आपण काही घ्यायला हवे.

उदाहरणवाक्य कसे असावे?

वर्गात सुरुवातीला मुले अशी वाक्ये लिहितात : ‘डिग्निटी इज इम्पॉर्टंट.’ ‘आय लाइक जस्टिस.’ व्याकरणाने बरोबर, पण उपयोग शून्य. आम्ही एक साधी परीक्षा लावतो. त्या नामाच्या जागी दुसरे कोणतेही नाम टाकून पाहा. ‘डिग्निटी’च्या जागी ‘वॉटर’ टाकले तरी वाक्य चालते ना? मग ते वाक्य ‘डिग्निटी’चे नाही. आता हे पाहा : ‘द वर्कर्स आस्क्ड फॉर ग्लव्ह्ज, बूट्स अँड डिग्निटी, नॉट पिटी.’ इथे ‘पिटी’, म्हणजे कीव, हा विरुद्ध बाजूचा शब्द समोर आल्यामुळे ‘डिग्निटी’चा अर्थ न सांगता उमगतो.

वाक्यात शब्दाचे सोबती दिसले पाहिजेत. पहिला सोबती क्रियापद. तक्रार ‘फाइल’ करतात किंवा ‘लॉज’ करतात, अर्ज ‘सबमिट’ करतात, जामीन ‘ग्रँट’ करतात, मुदत ‘मीट’ करतात, लक्ष ‘पे’ करतात. ही जोडी पाठ केल्याशिवाय नाम वापरता येत नाही.

दुसरा सोबती नामामागून येणारे प्रिपोझिशन. इथे मराठी आपल्याला फसवते. ‘शिक्षणाचा हक्क’ म्हणून आपण ‘राइट ऑफ एज्युकेशन’ म्हणतो. इंग्रजीत तो ‘राइट टु एज्युकेशन’. ‘आमच्याशी भेदभाव’ म्हणून ‘डिस्क्रिमिनेशन विथ अस’ म्हणतो; हवे ‘डिस्क्रिमिनेशन अगेन्स्ट अस’. ‘ॲक्सेस टु वॉटर’, ‘डिमांड फॉर लँड’, ‘बॅन ऑन सेल’, असे नाम त्याच्या शेपटासकट लिहावे.

तिसरा सोबती म्हणजे नामाआधीचे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ किंवा काहीच नसणे. मराठीत आर्टिकल नसल्यामुळे आपले सगळे इथे अडखळतात. यावर उपाय व्याख्येतच आहे. ‘ॲन ॲफिडेव्हिट इज…’ अशी व्याख्या सुरू झाली, म्हणजे प्रतिज्ञापत्रे मोजता येतात. ‘डिग्निटी इज…’ अशी सुरू झाली, म्हणजे या अर्थाने हे नाम मोजता येत नाही. ‘एव्हिडन्स’, ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’ ही मोजता न येणारी नामे आहेत. आपण पत्रात सर्रास ‘एव्हिडन्सेस’ आणि ‘इन्फर्मेशन्स’ लिहितो, ते टाळावे. दोन पुरावे म्हणायचे तर ‘टू पीसेस ऑफ एव्हिडन्स’.

प्रत्येक नामाची तीन वाक्ये लिहावीत. एक शब्दकोशातून किंवा वर्तमानपत्रातून उतरवलेले, म्हणजे नमुना चुकणार नाही. एक आपल्या घरचे, वस्तीचे, कामाचे. आणि एक अर्जात किंवा मुलाखतीत वापरता येईल असे.

शब्दाचे शेपूट ओळखा

मराठीत ‘सम’वरून समता, ‘बंधू’वरून बंधुता. ‘ता’ लागला की भाववाचक नाम झाले, हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. इंग्रजीतही अशी शेपटे आहेत. ‘इक्वल’वरून ‘इक्वॅलिटी’, ‘एलिजिबल’वरून ‘एलिजिबिलिटी’. ‘रेप्रेझेंट’वरून ‘रेप्रेझेंटेशन’. ‘अपॉइंट’वरून ‘अपॉइंटमेंट’. ‘अवेअर’वरून ‘अवेअरनेस’. ‘स्कॉलर’वरून ‘स्कॉलरशिप’. वर्तमानपत्राचे एक पान घेऊन या शेपटांखाली रेघा मारल्या, तर अर्ध्या तासात पंचवीस-तीस नामे हाताला लागतात.

माणसे दाखवणारी शेपटे विशेष लक्षात ठेवावीत. ‘एम्प्लॉयर’ काम देणारा, ‘एम्प्लॉयी’ काम करणारा. ‘ट्रेनर’ शिकवणारा, ‘ट्रेनी’ शिकणारा. ‘कम्प्लेंट’ म्हणजे तक्रार, ‘कम्प्लेनंट’ म्हणजे तक्रारदार. पोलीस ठाण्यात द्यायच्या इंग्रजी अर्जात या दोहोंची अदलाबदल आम्ही कितीदा पाहिली आहे. ‘अक्यूज्ड’ म्हणजे आरोपी, एक असो की दहा, ‘द अक्यूज्ड’च.

सुरुवातीसाठी सहा नामे

ग्रीव्हन्स : अ कम्प्लेंट दॅट अ पर्सन हॅज बिकॉज ही ऑर शी हॅज बीन ट्रीटेड अनफेअरली. अन्याय झाल्याच्या भावनेतून आलेली तक्रार, गाऱ्हाणे. ‘द हॉस्टेल स्टुडन्ट्स पुट देअर ग्रीव्हन्सेस इन रायटिंग.’

एलिजिबिलिटी : द स्टेट ऑफ हॅविंग द क्वालिफिकेशन्स दॅट अ रूल आस्क्स फॉर. पात्रता. पाठोपाठ ‘फॉर’ येते. ‘प्लीज चेक युअर एलिजिबिलिटी फॉर द स्कॉलरशिप बिफोर यू अप्लाय.’

डिस्क्रिमिनेशन : द ॲक्ट ऑफ ट्रीटिंग अ पर्सन ऑर ग्रुप वर्स दॅन अदर्स विदाउट अ फेअर रीझन. भेदभाव. ‘रिफ्युजिंग टु रेंट अ रूम बिकॉज ऑफ अ सरनेम इज डिस्क्रिमिनेशन.’

एव्हिडन्स : फॅक्ट्स ऑर ऑब्जेक्ट्स दॅट हेल्प टु शो व्हॉट इज ट्रू. पुरावा, अनेकवचन नाही. ‘द फोटोग्राफ्स वेअर केप्ट ॲज एव्हिडन्स.’

कन्सेंट : परमिशन दॅट अ पर्सन गिव्ह्ज फ्रीली. मोकळ्या मनाने दिलेली संमती. धाक दाखवून घेतलेली सही ‘सिग्नेचर’ असेल, ‘कन्सेंट’ नव्हे. ‘दे टुक हर थम्ब इम्प्रेशन विदाउट हर कन्सेंट.’

अकाउंटेबिलिटी : द ड्यूटी टु ॲन्सर फॉर वन्स ॲक्शन्स. आपल्या कृतीचे उत्तर देण्याची बांधिलकी. ‘वुई डिमांड अकाउंटेबिलिटी फॉर द मनी स्पेंट ऑन धिस ड्रेन.’

शब्दकोश कोणता?

खिशातला इंग्रजी-मराठी शब्दकोश जवळ असू द्या, पण त्याच्यावर थांबू नका. परभाषिक विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम लिहिलेले इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश वेगळे असतात. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांबरोबर असा कोश तयार केला. तो १९४२ मध्ये तिथे निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. नामे मोजता येणारी की न येणारी, शब्दामागे काय येते, हे अशा कोशांत दाखवलेले असते. १९७८ च्या लाँगमन कोशाने सगळ्या व्याख्या साधारण दोन हजार सोप्या शब्दांत लिहिल्या. म्हणजे तेवढे शब्द आले की पूर्ण कोश आपला आपण वाचता येतो. १९८७ च्या कोबिल्ड कोशाने व्याख्या पूर्ण वाक्यांत दिल्या. त्या धर्तीवर आम्ही ‘रिझर्व्हेशन्स’ची अशी व्याख्या केली : ‘इफ यू हॅव रिझर्व्हेशन्स अबाउट अ प्लॅन, यू हॅव सम डाउट्स अबाउट इट.’ व्याख्या आणि उदाहरण एकाच वाक्यात! हे कोश आता मोबाईलवरही पाहता येतात. शिकणाऱ्यांसाठीचा, म्हणजे ‘लर्नर्स’ कोश निवडावा, एवढेच.

वही आणि गट

आमची वही अशी असते. डाव्या पानावर शब्द, देवनागरीत उच्चार, कूळ आणि स्वतः केलेली व्याख्या. ती आधी स्वतः करायची, मग कोशाशी ताडून लाल शाईने दुरुस्त करायची. ही लाल शाईच शिकवते. उजव्या पानावर तीन वाक्ये. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने ते पान पुन्हा उघडायचे. डावे पान झाकून उजवे वाचायचे, मग उलट.

रोज तीनच नामे. आठवड्याचे सहा दिवस धरले तर अठरा, वर्षाची नऊशेच्या वर. त्यातली निम्मी पक्की राहिली तरी अर्ज, जाहिरात, निकालपत्र वाचताना भीती वाटत नाही.

एकट्याने कंटाळा येतो, म्हणून पाच-सहा जणांचा गट करावा. विहारात, वाचनालयात, कुणाच्या ओट्यावर बसता येते. एकाने शब्द न सांगता फक्त व्याख्या वाचायची, बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. दुसऱ्याने वाक्यातली नामाची जागा रिकामी ठेवून वाक्य वाचायचे. दोन शब्द बसत असतील तर वाक्य सैल आहे. तिथेच दुरुस्त करायचे. चुकल्यावर हसायचे नाही, हा एकच नियम आम्ही कडक पाळतो. का, ते वर सांगितलेच आहे.

इंग्रजी आले म्हणजे माणूस शहाणा झाला, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. विचार मराठीत उत्तम करता येतो. पण उच्च न्यायालयाचे निकाल, विद्यापीठांचे संशोधन, परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज आजही मोठ्या प्रमाणात इंग्रजीत आहेत. तिथे आपल्याबद्दल काय लिहिले जाते, ते आपल्याला वाचता आले पाहिजे आणि चुकीचे असेल तर त्याच भाषेत खोडता आले पाहिजे.

ती मुलगी सहा महिन्यांनी पुन्हा मुलाखतीला जाऊ लागली. सध्या ती एका आदिवासी तालुक्यात आरोग्य प्रकल्पावर काम करते आणि महिन्यातून एकदा येऊन आमच्या गटात नव्या मुलांना नामे शिकवते. तिच्या वहीचे पहिले पान आम्ही पाहिले आहे. त्यावर ‘रिझर्व्हेशन’ हा शब्द आहे आणि खाली चारही अर्थांची वाक्ये. तिसऱ्या अर्थासमोर तिने लिहिले आहे : ‘आय हॅव नो रिझर्व्हेशन्स अबाउट वर्किंग इन अ रिमोट व्हिलेज.’ आणि दुसऱ्या अर्थासमोर : ‘रिझर्व्हेशन ओपन्ड द कॉलेज गेट फॉर माय मदर.’

तुमच्या वहीचे पहिले पान कोणत्या शब्दाने उघडणार, ते आज ठरवा. जय भीम.